हाड सांधल्यानंतरचे भय

न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध मंडळी हुबळी-धारवाडच्या रुग्णालयांना नवी नाहीत. शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, टाके सुकतात, घरी नेण्याची तयारी होते. आणि क्वचित एखादे दिवशी रोगी उठून बसतो न बसतो तोच त्याचा श्वास कोंडतो व थोड्याच वेळात सारे आटोपते. हृदय बंद पडले, असे घरचे समजतात. परंतु कित्येकदा पायाच्या नीलेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली असते.

रक्त असे का गोठावे? रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीस इजा होणे आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे वळणे, ही तीन कारणे एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य फिर्खो याच्या नावाने सांगतात. खुब्याच्या वा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ती तिन्ही एकत्र येतात.

हा रोग थंड देशांतला, आपल्याकडला नव्हे, असे आपले डॉक्टरही दीर्घकाळ मानीत. ध्वनिलहरींनी पाय तपासू लागल्यावर भारतीय रोग्यांतही गुठळ्या सापडल्या. शोधल्याशिवाय सापडायच्या तरी कशा?

बर्मिंगहॅम येथे सेव्हिट व गॅलघर या डॉक्टरांनी खुबा मोडलेल्या ३०० रोग्यांपैकी निम्म्यांना रक्त गोठू न देणारे औषध देऊन पाहिले. त्यांच्यात गुठळीने दगावणारे फारच थोडे निघाले, हे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केले. आज हेपॅरिनची सुई किंवा गोळ्या देतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे उपचार कधी ३५ दिवसांपर्यंत चालतात. मात्र त्यांनी रक्तस्रावही होऊ शकतो, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी आणि घरी गेल्यावर गोळ्या परस्पर बंद करू नयेत. पूर्वी गुठळी झाली असल्यास, कर्करोग असल्यास वा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असल्यास ते आधीच सांगावे.

आपल्या घरांत माया फार! "हलू नका, पडून राहा," हा तिचा पहिला उद्गार. वास्तविक डॉक्टरांनी परवानगी देताच, बहुधा दुसऱ्याच दिवशी, रोग्याला उभे करणे हिताचे असते. अंथरुणातही घोटे वरखाली हलवावेत, पाणी पुरेसे प्यावे. दुसरा मायेचा प्रकार म्हणजे पाय चेपणे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, ऊन लागली, तर तिला तेल लावून चोळू नये, हाडवैद्याकडेही नेऊ नये. चोळण्याने गुठळी सुटण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि अकस्मात दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच मोटार बोलावावी.