उंबरे तीन, मूल एकच



स्वागत समितीच्या वतीने डहाणूत आपणा सर्वांचे मनापासून स्वागत. बालपणापासून उच्च शिक्षणापर्यंत माणूस कसा शिकतो आणि कसा वाढतो, या विषयावर आपण दोन दिवस बोलणार आहोत. अशा परिषदेत पहिली रांग अंगणवाडी सेविकांची असेल, हे समितीने पहिल्याच बैठकीत ठरवले. त्यामागचे कारण इथल्या मातीत आहे.

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि मधे चिकूच्या वाड्या असा हा आमचा तालुका. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर रेखलेली वारली चित्रे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून जगभर गेली, ती इथूनच. 1945 साली उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारी झुगारली. त्याच वर्षी इथून जवळच्या बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर केलेल्या बालशिक्षणाच्या कामाचा मोठा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शहरात सुखाने राहता आले असते, पण त्या खेड्यात आल्या.

इथे आल्यावर त्यांना दिसले ते हे, की बालवाडी उघडली तरी मुले येत नाहीत. मग बालवाडीच पाड्यावर गेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडेनात, तेव्हा शाळा कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी राहिली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसणाऱ्या बहिणीला आता भावंडासकट शाळेत येता येऊ लागले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांबरोबर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

ताराबाई-अनुताईंच्या या कामाला मी संशोधन म्हणतो. मूल का येत नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर मुलाच्या घरी जाऊन शोधले. शाळा बदलून ते तपासले. पुन्हा चुकले तर पुन्हा बदलले. बाळ, बालक आणि विद्यार्थी अशी तीन वेगळी मुले त्यांनी कधी मानली नाहीत.

आम्ही मात्र मानतो. पाड्यावरचे मूल घरी वारली बोलते. अंगणवाडीत आणि शाळेत त्याला मराठी भेटते. दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली की एका उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञान-गणिताचे सगळे विषय इंग्रजीत होतात. अंगणवाडी, शाळा आणि महाविद्यालय असे हे तीन उंबरे. प्रत्येक उंबऱ्यावर काही मुले अडखळतात आणि काही माघारी फिरतात. महाविद्यालय म्हणते शाळेने पाया घातला नाही, शाळा म्हणते बालवाडीत तयारी झाली नाही, आणि बालवाडी घराकडे बोट दाखवते. कारभाराची घडीही तशीच आहे. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, शाळा शालेय शिक्षण विभागाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आणि महाविद्यालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. फायली चार झाल्या, तरी मूल एकच आहे.

मूल उंबऱ्यावर कसे अडखळते, याचे दुसरीच्या वर्गातले एक उदाहरण घेऊ. बाई म्हणतात, ‘पंचवीस लिही.’ मुलाच्या कानावर आधी पाच पडतात, मग वीस. ते ऐकले तसे लिहिते, 52. मूल चुकले असे आपण म्हणतो. खरे तर त्याने कानाशी प्रामाणिक राहून लिहिलेले असते. एकोणतीस तर आणखी अवघड. त्या शब्दात दोनही ऐकू येत नाही आणि नऊही नाही. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी संख्यानामे आली आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीची बाजू शांतपणे मांडली. त्या वादात कुणाला काही वाटो, सात वर्षांच्या मुलाला संख्या कशी ऐकू येते हा प्रश्न तेव्हा घराघरांत पोहोचला. मराठीत शिकणाऱ्या मुलांविषयीच्या अशा प्रश्नांची उत्तरे मराठीतच शोधावी लागतील. दुसऱ्या भाषेतल्या मुलांवर झालेला अभ्यास इथे जसाच्या तसा लागू पडणार नाही.

दुसरे उदाहरण माझ्या वर्गातले आहे. मी तीस वर्षे महाविद्यालयात गणित शिकवले. पहिल्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी होता. वितरणाचा गुणधर्म वापरून कंस सोडवायला मी त्याला फळ्यापाशी बोलावले. खडू हातात धरून तो उभाच राहिला. मी वहीत शेरा लिहिला, ‘पाया कच्चा’. त्याच आठवड्यात तो मला आठवडे बाजारात आईशेजारी चिकू विकताना दिसला. गिऱ्हाइकाने पंचेचाळीसच्या भावाने साडेतीन किलो घेतले आणि दोनशेची नोट दिली. पोराने वर न बघता साडेबेचाळीस रुपये परत केले. मी विचारले, ‘कसं केलंस?’ तो म्हणाला, ‘तीन किलोचे एकशे पस्तीस, अर्ध्याचे साडेबावीस. झाले एकशे साडेसत्तावन्न.’ म्हणजे ज्या नियमासाठी मी त्याला फळ्यापाशी उभे केले होते, तोच नियम तो रोज तराजूवर चालवत होता. पाया भक्कम होता. त्या पायापासून माझ्या फळ्यापर्यंत वाट नव्हती आणि ती बांधणे माझे काम होते. तो शेरा मी खोडला, पण त्याआधी किती वह्यांवर तसा लिहिला असेल, हे आठवून आजही वाईट वाटते.

2025 साली ‘नेचर’ या नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी अचूक करतात, पण तीच गणिते शाळेच्या रीतीने मांडली की अडतात. आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. माझ्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट त्यात मला पुन्हा वाचायला मिळाली.

परिस्थिती गंभीर आहे, हे आपण सारे जाणतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या 2024च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पण उपाय सापडतात, हेही आपण जाणतो. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखींनी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे शिकवले. वस्तीतल्याच त्या तरुणी. मुलाची इयत्ता बाजूला ठेवून, ते जिथे आहे तिथून त्यांनी सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची काटेकोर तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती आकड्यांत स्पष्ट दिसली.

शिक्षणाचे टप्पे जोडून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. उच्च शिक्षणावर होणारा खर्च आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ त्यांनी एकाच निवेदनात शेजारी शेजारी मांडली आणि बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शिक्षणाची दोन्ही टोके एकाच नजरेत पाहणारा तो माणूस होता. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकसंध मानून बालवाडी आणि पहिली यांमधली भिंत कागदावर तरी काढली. प्रत्यक्षातली भिंत तुम्हा-आम्हालाच काढायची आहे.

म्हणून यजमान या नात्याने माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, प्रत्येक निबंधवाचकाने शेवटी पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि आपल्या निष्कर्षाचा पुढच्या व मागच्या टप्प्यावरच्या शिक्षकाला काय उपयोग, हे सोप्या मराठीत सांगावे. दुसरी, सेविकाताईंनी संकोच न करता प्रश्न विचारावेत. रोज पंचवीस-तीस मुलांना जवळून पाहणाऱ्या बाईइतके निरीक्षण कुणाच्या प्रबंधात नसते. ते टिपून घ्यायला संशोधकांनी वही उघडी ठेवावी.

परिषदेसाठी गावाने खूप केले आहे. वाडीवाल्यांनी चिकू पाठवले, बचत गटाच्या भगिनींनी तांदळाच्या आणि नागलीच्या भाकरीची जबाबदारी घेतली, विद्यार्थ्यांनी हा मांडव वारली चित्रांनी सजवला. सर्वांचा मी ऋणी आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

उद्या सकाळी सात वाजता कोसबाडच्या टेकडीकडे गाड्या निघतील. सर्वांनी यावे, प्राध्यापकांनी तर जरूर यावे. टेकडी चढताना शेजारी एखादी सेविका असू द्या आणि तिला एवढेच विचारा, ‘ताई, तुमच्याकडून गेलेले मूल पुढे कुठे अडखळते?’ ती जे सांगेल, तिथून आपल्या परिषदेचे खरे काम सुरू होईल.