दुसऱ्याच्या दारावरची बोली

ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार जोगेश्वरीकरांच्या पायाखालचा. गिऱ्हाईक एका दुकानाची पायरी चढतंय आणि शेजारच्या दुकानाचा माणूस त्याच्या हातात स्वतःचं पत्रक कोंबतोय, असं झालं तर मालक त्याला हटकू शकतो. इंटरनेटवर मात्र ही पायरीच लिलावात निघाली, आणि मालकाला त्याचा पत्ताही नव्हता.

पे-पर-व्ह्यू जाहिरातीत पैसे मोजायचे ते जाहिरात दिसल्याचे. कोणी क्लिक करो वा न करो. फुकटच्या गेमबरोबर किंवा स्क्रीनसेव्हरबरोबर एक सॉफ्टवेअर संगणकात शिरतं आणि तुम्ही कोणती वेबसाइट उघडता यावर नजर ठेवतं. जाहिरातदार त्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला वेबसाइटच्या पत्त्यांची, म्हणजे यूआरएलची, यादी देतो आणि प्रत्येकावर बोली लावतो. तुम्ही तो पत्ता उघडलात की चढ्या बोलीवाल्याची खिडकी समोर येते. अख्ख्या वेबसाइटवर बोली लावली तर जाहिरात पुष्कळांना दिसते, पण बरीचशी वाया जाते. म्हणून मुरलेला जाहिरातदार नेमकं पान धरतो: दरपत्रकाचं, मागणी नोंदवण्याचं. तिथे पोचलेला माणूस खरेदीच्या बेतात असतो. त्याला तिथवर आणलं कोणी? वेबसाइटच्या मालकाने, वर्षानुवर्षं नाव कमावून. या बोलीत विकली जाते ती त्याची मेहनत, आणि त्यातला छदामही त्याला मिळत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

अमेरिकेत '1-800 कॉन्टॅक्ट्स' या लेन्स विकणाऱ्या कंपनीने असं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या 'व्हेनयू'वर दावा लावला. 2005 मध्ये अपील न्यायालयात ती हरली. पण व्हेनयू जाहिरातदारांना नेमका पत्ता विकत नव्हती, तर विषयवार गट विकत होती, आणि हा मुद्दा न्यायालयाने महत्त्वाचा मानला. त्याच न्यायालयाने 2009 मध्ये 'रेस्क्यूकॉम'च्या खटल्यात गूगलला त्या निकालाची ढाल वापरू दिली नाही, कारण गूगल नावं थेट जाहिरातदारांना विकत होती. पत्त्यावर बोली घेणारे या दुसऱ्या बाजूला बसतात, असं मला वाटतं. सॉफ्टवेअर चोरपावलांनी घुसवण्याचा हिशेब वेगळा झाला: 'झँगो' कंपनीला 2006 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना 30 लाख डॉलर सोडावे लागले.

आपल्याकडचा जवळचा दाखला घरसामान हलवणाऱ्या 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स'चा. गूगलवर त्यांचं नाव शोधलं की स्पर्धकांच्या जाहिराती दिसत. 10 ऑगस्ट 2023 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, की दुसऱ्याच्या व्यापारचिन्हावर बोली लावणं एवढ्यानेच त्या चिन्हाचा भंग ठरत नाही. ग्राहकाची दिशाभूल झाली की ठरतो. मात्र गूगल ही नुसती पाटी टांगायला जागा देणारी नाही, या व्यवहारात तिचा सक्रिय हात आहे, हेही न्यायालयाने बजावलं.

हा दुसरा भाग मला मोलाचा वाटतो. आपल्या भागातल्या छोट्या दुकानदाराने बोली लावणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाच्या मागे कुठवर धावायचं? ज्याच्या मांडवात लिलाव होतो आणि ज्याच्या गल्ल्यात पैसा पडतो, त्याला आधी जाब विचारता आला पाहिजे. त्याच्याकडे पत्त्यांची यादी असते, कोणत्या पत्त्यावर कोणी किती बोली लावली याची नोंदही असते. मालकाने मागितली तर ती नोंद त्याला मिळायला हवी.