रेघ कोण काढतं?

मोटारसायकलवर नाव टाकून देणारं रेडियमचं दुकान मराठवाड्यातल्या बहुतेक बाजारगावांत सापडतं. कारागीर कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये नाव टाइप करतो, अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे त्यांच्या कडांची वळणं करून घेतो, आणि ती कटिंग प्लॉटरला पाठवतो. प्लॉटरचं पातं त्या वळणांवरून फिरतं. पात्याला ठिपके कळत नाहीत, रेघ कुठून कुठे जाते एवढंच त्याला कळतं. रेघेची ही माहिती साठवून काढलेलं चित्र म्हणजे व्हेक्टर. म्हणूनच दुकानाच्या कार्डावरचा लोगो वीस फुटी फ्लेक्सवर नेला तरी त्याच्या कडा फाटत नाहीत.

ही वळणं ज्या गणिताने काढतात, ते मोटारींच्या कारखान्यांतून आलं आहे. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिए या दोघांनी 1960च्या आसपास गाड्यांच्या पत्र्याचं वळण नेमकं मांडायची पद्धत शोधली. रेघेची दोन टोकं आणि तिला ओढणारे दोन बिंदू, बस. कोरलमध्ये नोड पकडून हँडल ओढणारा प्रत्येक जण हेच गणित वापरतो.

आता हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावच्या एखाद्या इंजिनिअर मुलीने ठरवलं की कोरलसारखाच, पण मराठीत चालणारा, आपल्या भागातल्या दुकानदारांना परवडणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा, तर रेघ काढायचं गणित ती पहिल्यापासून लिहीत बसणार नाही. त्यासाठी तयार लायब्ररी असतात. प्रोग्रामने सांगायचं, ‘इथून इथे वळण काढ, आत पिवळा भर’, आणि लायब्ररीने पडद्यावर ते उमटवायचं. प्रश्न असतो निवडीचा, आणि ही निवड वेगाचे आकडे पाहून करू नये.

कैरो, स्किया आणि क्यूटी ही त्यातली तीन मोठी नावं. कैरो 2003च्या सुमारास सुरू झाली. तिची खुबी अशी की पडद्यावर चित्र काढणाऱ्या त्याच आज्ञा पीडीएफमध्येही उतरतात. स्किया गुगलने 2005मध्ये विकत घेतली. क्रोम आणि अँड्रॉइड तिच्यावर चालतात, आणि 2020पासून विंडोजवरचं लिबर ऑफिसही तिच्याच मदतीने चित्र उमटवतं. ग्राफिक्स कार्डाचा पुरेपूर उपयोग ती करते. पण या दोन्ही लायब्ररी रेघ काढून मोकळ्या होतात. वापरणाऱ्याने माउस दाबला तेव्हा खाली फूल होतं की त्यामागची चौकट, हा हिशेब प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतः ठेवायचा. क्यूटीमध्ये 2006 साली ग्राफिक्स व्ह्यू आलं. ते प्रत्येक आकृतीला वेगळी वस्तू म्हणून लक्षात ठेवतं आणि क्लिक कुणावर पडलं ते सांगतं. एकट्याने प्रोग्राम लिहिणाऱ्याचं फार मोठं काम त्यामुळे वाचतं.

लायब्ररीवर किती विसंबावं या बाबतीत इंकस्केप हा फुकट मिळणारा चित्रकलेचा प्रोग्राम पाहण्यासारखा आहे. 2003 साली सोडीपोडी नावाच्या प्रोग्राममधून फुटून तो तयार झाला. सुरुवातीची बरीच वर्षं तो स्वतःच्या घरगुती यंत्रणेने चित्र उमटवत होता. जानेवारी 2015मध्ये 0.91 आवृत्ती आली तेव्हा ती यंत्रणा काढून तिथे कैरो बसवली गेली. वापरणाऱ्यांच्या जुन्या फायली मात्र उघडत राहिल्या. त्याचं कारण साधं आहे. चित्र एसव्हीजी या खुल्या स्वरूपात वेगळं साठवलेलं होतं आणि ते पडद्यावर उमटवणारा भाग निराळा होता. कुरुंद्याच्या मुलीने इंकस्केपकडून हे आधी घ्यावं: चित्र साठवायची रचना स्वतःची ठेवावी, ती लायब्ररीच्या हवाली करू नये.

आणि मग मराठीची परीक्षा. बहुतेक जण इथेच फसतात.

त्या मुलीच्या पत्त्यातले तीन शब्द घ्या: कुरुंदा, वसमत, हिंगोली. लायब्ररी तपासायला कुणी ‘वसमत’ लिहून पाहिलं तर सगळं ठीक दिसेल, कारण त्यात काना नाही, वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. ‘हिंगोली’ लिहिलं की खरं बाहेर येतं. संगणकाच्या स्मरणात आधी ‘ह’ असतो आणि ऱ्हस्व वेलांटी त्याच्यानंतर. दाखवताना मात्र ती ‘ह’च्या आधी यायला हवी. ‘कुरुंदा’मध्ये ‘रु’चा उकार ‘क’सारखा खाली लटकत नाही, तो ‘र’च्या कुशीत जाऊन बसतो. ‘जिल्हा’ लिहिताना ‘ल’ आणि ‘ह’ यांचा सांधा जुळावा लागतो. कैरो आणि स्किया यांच्या सोप्या अक्षर-आज्ञा हे काही करत नाहीत. एकेक अक्षर उचलून त्या रांगेत मांडतात, आणि वेलांटी ‘ह’च्या पुढे जाऊन पडते. अक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची वेगळी लायब्ररी करते. कैरोबरोबर ती पँगो या आणखी एका लायब्ररीमार्फत वापरता येते, स्कियाला तिची वेगळी जोड द्यावी लागते, क्यूटीत ती आधीच बसवलेली आहे. अवघड शब्द टाकून ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी. ज्यांनी वर्षानुवर्षं जुन्या फाँटांत वेलांट्या एकेक करून हाताने बसवल्या, त्या डीटीपी करणाऱ्यांना नव्या प्रोग्राममध्ये पुन्हा तोच त्रास देणं अन्यायाचं होईल.

तिसरी गोष्ट छपाई. वसमतच्या हळदीला 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे पाकिटांची, लेबलांची कामं आता निघणारच. पडद्यावरचे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतात, तर ऑफसेटवर निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. कैरोला पडद्याचेच रंग कळतात. त्या रंगातलं काळं अक्षर छापखान्यात चार शायांत विभागलं गेलं आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तर लेबलावरचा बारीक मजकूर धूसर येतो. फ्लेक्सच्या मशीनवर मशीनचं स्वतःचं सॉफ्टवेअर रंग बदलून घेतं, त्यामुळे तिथे हे फारसं जाणवत नाही. क्यूटीने 2024च्या 6.8 आवृत्तीत पीडीएफसाठी चार शायांच्या रंगांची सोय केली.

हे सगळं जमेस धरलं तर एकट्याने किंवा दोघांनी मिळून प्रोग्राम करायचा असेल तेव्हा क्यूटी घ्यावी. तिच्या खुल्या परवान्याच्या अटी मात्र काम सुरू करण्याआधी वाचाव्यात, कारण क्यूटीतला कुठला भाग वापरला त्यावर त्या बदलतात आणि आपला प्रोग्राम विकायचा असेल तर त्यांचा थेट संबंध येतो. हजारो आकृत्यांचे नकाशे किंवा मोठी नक्षीकामं हाताळायची असतील आणि हाताशी चार-पाच माणसं असतील, तर स्कियावर घेतलेले कष्ट वसूल होतात. इंकस्केपचा सगळा कोड उघडा आहे, आणि तो वापरायला शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्या मुलीने लायब्ररी ठरवण्याआधी महिनाभर इंकस्केप वापरावं, ‘कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली’ हा पत्ता घातलेलं एक हळदीचं लेबल त्यात करावं आणि जवळच्या छापखान्यात त्याचं प्रूफ काढून पाहावं.