शिरूरचा सत्पुरुष
(वडगाव निंबाळकर येथील वसंतातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या पुणे जिल्ह्याच्या ईशान्य सीमेवर, घोडनदीच्या काठी वसलेल्या शिरूर गावी एका गोऱ्या सेनाधिकाऱ्याचे थडगे आहे. कर्नल विल्यम वॉलेस हे त्याचे नाव. ११ मे १८०९ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी, तो शिरूरच्या छावणीतच वारला. आणि या गोष्टीस पाऊणशे वर्षे लोटल्यावर, १८८५ साली मुंबई सरकारने या जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले तेव्हा, त्या रूक्ष सरकारी ग्रंथाच्या कर्त्यांना नमूद करावे लागले की शिरूर व भोवतालच्या खेड्यांतील रयत या कर्नलास ‘सत्पुरुष’ म्हणून भजते. परधर्मी, परदेशी, ज्या फौजेने आपले राज्य खिळखिळे केले तिचाच सेनानायक, आणि तरीही सत्पुरुष! ही गाठ उकलता येते काय, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हा मनुष्य शिरूरला आला कसा, याचा धागा आपल्या मुलखातूनच जातो. १८०२च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांचा सरदार फत्तेसिंग माने याने आपल्या या बारामतीनजीक पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, त्याच महिन्याच्या २५ तारखेस खुद्द होळकरांनी हडपसरच्या रणात पुणे जिंकले, आणि जीव घेऊन पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर रोजी वसईस इंग्रजांशी तह करून २६ लक्षांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याच्या बोलीवर त्यांची तैनाती फौज पदरी घेतली. पदरी घेतली असे आपण म्हणतो खरे. वस्तुतः कोणी कोणाचा पदर धरला होता, हे पुढे सर्वांनीच पाहिले. या तैनाती फौजेचा तळ शिरूरला पडला, आणि मृत्यूसमयी वॉलेस हा तिचाच प्रमुख होता.

तो दरबारी शिपाई नव्हे. इंग्रजी फौजेच्या ७४व्या पलटणीचा हा अधिकारी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत जनरल वेलस्लीच्या हाताखाली एका ब्रिगेडचे नेतृत्व करीत होता. त्या दिवशी ७४वी पलटण उजव्या बगलेस भलतीच पुढे सरकून असई गावातील शिंद्यांच्या तोफांच्या तोंडी सापडली, आणि तिची अशी काही दैना उडाली की संध्याकाळी तिचे अधिकारी जवळजवळ शिल्लकच उरले नाहीत. पुढे डिसेंबरात गाविलगडाचा वेढा पडला. मेळघाटाच्या त्या डोंगरांत तोफा बैलांनी नव्हे, तर माणसांनी दोर लावून ओढल्या. एक अवजड तोफ नेमून दिलेल्या उंचवट्यावर चढविणे केवळ अशक्य आहे, असे हाताखालच्या अधिकाऱ्याने येऊन सांगितले, तेव्हा वॉलेस उसळून म्हणाला की अशक्य कसे असेल, हुकूम तर माझ्या खिशात आहे! ही आख्यायिका त्याच्या सोबत्यांनी मोठ्या कौतुकाने जतन केली. मला तिच्यात कौतुकाइतकेच भयही दिसते. कारण खिशातला हुकूम वर चढतो तो दोर ओढणाऱ्यांच्या खांद्यांवरून, आणि त्या खांद्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. १८०४च्या ऑक्टोबरात त्याने होळकरांकडून चांदवड व गाळणा हे किल्ले घेतले. त्याच सुमारास दख्खनेत दुष्काळाने कहर केला होता; होळकरांच्या स्वाऱ्यांनी उभी पिके तुडविली होती आणि वरून पाऊसही रुसला होता.

अशा काळात ज्या गावी कवायती फौज तळ देऊन बसते, तेथे बाजार भरतो, धान्याला गिऱ्हाईक मिळते आणि पेंढाऱ्यांची धाड सहसा फिरकत नाही. थडग्यावरील इंग्रजी लेखात शौर्य, सचोटी आणि मनाचा मोकळेपणा हे त्याचे गुण गायिले आहेत. मृत अधिकाऱ्याच्या दगडावर दुसरे काय कोरणार, असे कोणी म्हणेल. परंतु रयतेशी तो न्यायाने वागला असावा, एवढे अनुमान करण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती तेवढ्यावरच थांबण्यास. गोऱ्या लेखकांनी अशा पूजांची वर्णने वाचली की त्यांना आपल्या राज्याच्या चांगुलपणाचे प्रशस्तिपत्रक मिळाल्यासारखे वाटे. पण न्यायी कमाविसदार आणि दयाळू सुभेदार आपल्याकडेही होऊन गेले. त्यांची अशी पूजा कोणी केली?

माझ्या मते मर्म आहे ते दफनात. आपल्याकडे प्रपंची माणसाला अग्नी देतात. त्याची राख नदीत जाते, आणि मागे उरते ते पितृपक्षातले पान. भूमीत ठेवतात ते तान्ह्या मुलास, किंवा मग गोसाव्यास, संन्याशास; आणि मुसलमानांतला साधू झाला तर त्याचा पीर होतो. जातीपरत्वे याला अपवाद पुष्कळ आहेत, तरी गावाच्या शिवारात चिरेबंदी बांधकामाखाली एक देह ठेवला आहे, त्याची निगा राखली जात आहे, हे पाहणाऱ्या कुणब्याने त्यास समाधी समजावे, यात नवल कसले? शिवाय हा मृत्यू परमुलखातला. पिंड द्यावयास पुत्र नाही, भाऊबंद नाहीत. असा जीव घुटमळतो आणि त्याची सोय गावानेच लावावी लागते, हे आपल्या खेड्यांतल्या माणसाला मुद्दाम समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून सुगी झाली की पहिले धान्य नैवेद्य म्हणून थडग्याशी येई. शिरूरपासून कोसभरावरच्या एका वाडीत तर कर्नलाच्या नावाने देवस्थानच उभारले गेले, आणि पौर्णिमेच्या रात्री तेथे ऊद जळे. गॅझेटियरकारांनी एक बारीक नोंद केली आहे, ती मला फार मोलाची वाटते: ब्राह्मण, प्रभू आणि मारवाडी या पूजेत नसत. म्हणजे ज्यांचा सरकाराशी व्यवहार कागदाने आणि हुंडीने चाले, ते दूर राहिले. ज्यांचे सारे दैव पावसावर आणि बांधावर, त्यांनी कर्नलास आपला म्हटले. राजनिष्ठेपोटी हे चालले असते, तर पहिला मान वरच्या मंडळींनी सोडला असता, असे मला वाटत नाही.

असे दाखले इतरत्रही आहेत. आपल्या वडगावचे नामबंधू जे मावळातले वडगाव, तेथे १७७९च्या जानेवारीत कार्ल्यानजीक पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टची, मराठ्यांच्या तोंडच्या इष्टुर फाकड्याची, समाधी लोक मानतात. आणि तो तर उघड उघड शत्रू होता. पंजाबात जॉन निकल्सनच्या नावाचा एक पंथच निघाला, पण निकल्सन हयात होता आणि पाया पडणाऱ्यांना तो फटके मारी. वॉलेस मेल्यावर पुजला गेला, त्यामुळे त्याला विरोध करण्याची सोय राहिली नाही.

विरोध आला तो स्मशानाच्या रखवालदाराकडून. या विधींनी थडग्याची नासधूस होते, असे पाहून त्याने पूजेस मनाई केली. दफनभूमी सरकारी, रखवालदार नेमलेला, तेव्हा कायद्याने त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु रयत गप्प बसली नाही. पूर्ववत नैवेद्य करू द्यावा, अशी विनवणी तिने केली, आणि कारण दिले ते पाहण्यासारखे आहे. उपकारांचे स्मरण, राजभक्ती, पुण्यसंचय यांपैकी एकाचाही तीत उल्लेख नाही. पूजा बंद झाल्यापासून कर्नलसाहेबाचा जीव आम्हांस फार त्रास देतो, एवढेच तिचे म्हणणे होते. ज्याचे देणे ठरले ते पोचले नाही, म्हणून येणेकरी दारात उभा आहे, अशी ती तक्रार. आणि खिशातल्या हुकुमावर डोंगर चढणाऱ्या त्या शिपाईगड्यास ती बहुधा थडग्यावरच्या इंग्रजी स्तुतीपेक्षा लवकर समजली असती.