हाकेच्या अंतरावरचे दुकान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या श्रावणात आपल्या एका सभासद भगिनीकडे मंगळागौर होती. पुरणपोळ्या बाहेरून घ्यायचे ठरले. मुलाने मोबाईलवर शोध घेतला, तो चार किलोमीटरवरची मोठी दुकाने पुढे आली. मागच्याच आळीत पोळ्या करून संसार चालवणाऱ्या आपल्याच भगिनीचे नाव मात्र आले नाही. “यंत्र आंधळे आहे का हो?” असे त्या भगिनीने मला विचारले.

आंधळे नाही, परंतु आपण सांगू तेवढेच त्याला कळते. कोणी पोळी म्हणते, कोणी चपाती. रोमन लिपीत तर एकच शब्द दहाजणी दहा तऱ्हांनी लिहितात. पत्ता काय, तर ‘मारुतीच्या देवळामागे’! ही अडचण जुनीच आहे. एकाच नावाची अनेक गावे असल्यामुळे पत्रे चुकत, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. पण पिनकोड टपालाचा भाग सांगतो, उंबरठा नव्हे. शिवाय दुकान हलते, वेळा बदलतात. ते यंत्राला कोणी कळवायचे?

आणखी एक गोष्ट. गूगल क्रम लावताना तीन गोष्टी पाहते : मागणीशी मेळ, अंतर आणि प्रसिद्धी. आपल्या भगिनीची कीर्ती तोंडोतोंडी पसरलेली. ती कोठे लिहिलेलीच नाही. म्हणून हाकेच्या अंतरावर असूनही ती मागे पडते.

यावर उपाय आपल्या हाती आहे. गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य होते. घरपोच माल देणाऱ्या भगिनीला घराचा पत्ता झाकून फक्त आपला परिसर दाखवता येतो. ज्यांना मोबाईल सरावाचा आहे, त्यांनी एकेकीची नोंद करून द्यावी आणि वेळा बदलल्या की त्याही बदलाव्यात.

मात्र अभिप्राय खरा लिहावा. खोट्या स्तुतीने बाजारात विश्वास उरत नाही; म्हणूनच भारतीय मानक ब्यूरोला 2022 साली अशा अभिप्रायांसाठी मानक ठरवावे लागले. मीही त्या पोळ्या आधी खाल्ल्या, मगच चांगल्या म्हणून लिहिले. आता शोध घेतला की त्या भगिनीचे नाव दिसते.