नावाचे दप्तर कोणाच्या हाती?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात आला, तेव्हा हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्याची विभागणी झाली. तालुक्याचे इस्लापूर सर्कल तत्कालीन मुंबई राज्यात आले. त्याच जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुकेही आले. खुद्द बोथ आंध्र प्रदेशात गेले, आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगणात आहे. या साऱ्या घडामोडीत इस्लापूर जागचे हलले नाही, की बोथही हलले नाही. शेते आणि बांध होते तेथेच राहिले. बदलले ते एवढेच की, इस्लापुरासंबंधी काही विचारावयाचे झाल्यास कोणत्या कचेरीत जावयाचे.

इंटरनेटवरील नावांचा व्यवहार नेमका याच तत्त्वावर चालतो. संगणक एकमेकांना ओळखतात ते अंकांच्या पत्त्यांनी. माणसाच्या लक्षात राहते ते नाव. प्रारंभी संगणक थोडे होते, तेव्हा सर्व नावांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि तेथून ती सर्वत्र नकलून घेतली जाई. संगणक वाढले तशी ही व्यवस्था कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी निराळी योजना मांडली. तिचे मर्म असे की, संपूर्ण दप्तर कोणीच बाळगावयाचे नाही. वरच्या कचेरीने खालच्या कचेरीचा पत्ता तेवढा सांगावयाचा. मूळ सर्व्हर '.इन' कोठे विचारावे ते सांगतो, '.इन' चा सर्व्हर त्यापुढील नाव कोणाकडे आहे ते सांगतो, आणि शेवटचे उत्तर ज्याच्याकडे असते त्याला नेमसर्व्हर म्हणतात.

या दप्तराच्या स्थलांतराचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. भारताचे '.इन' हे अंत्यनाम ८ मे १९८९ रोजी जागतिक नोंदीत आले व त्याची व्यवस्था मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होती. २००५ पासून ते काम भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय संस्था, म्हणजे 'निक्सी', पाहते. दप्तर एका हातातून दुसऱ्या हातात गेले. नाव तेच राहिले.

आता बोथच्या एखाद्या वाचनालयाने स्वतःचे नाव नोंदविले, असे समजा. सामान्यतः नाव विकणारी कंपनीच त्याचे दप्तरही सांभाळते आणि बहुतेकांना त्यात वावगे काही वाटत नाही. परंतु संकेतस्थळ कोठे आहे, टपाल कोणाकडे जावे, या सर्व नोंदी त्या दप्तरात असतात. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती संस्थेचा पत्ता. म्हणून काहींना वाटते की, नेमसर्व्हर स्वतःचा असावा, आणि त्याचे नावही स्वतःच्याच नावाखालचे असावे.

येथे एक मजेदार पेच उभा राहतो. वाचनालयाचा पत्ता वाचनालयाच्या नेमसर्व्हरला विचारावयाचा. आणि त्या नेमसर्व्हरचा पत्ता? तोही वाचनालयाच्याच नावाखाली असल्यामुळे पुन्हा त्यालाच विचारावा लागणार. किल्ली कुलपाच्या आत राहिली! हा पेच सोडविण्यासाठी वरच्या कचेरीत, म्हणजे '.इन' च्या नोंदीत, नेमसर्व्हरच्या नावाबरोबर त्याचा अंकी पत्ताही लिहून ठेवतात. तंत्रज्ञ त्या नोंदीला 'ग्लू', म्हणजे डिंक, म्हणतात. ही नोंद नाव विकणाऱ्या कंपनीमार्फतच करावी लागते, आणि पुष्कळांचे घोडे अडते ते याच ठिकाणी. आपल्या यंत्रावर सर्व काही बिनचूक मांडूनही वर डिंक लावावयाचा राहिला, तर जगाच्या दृष्टीने तो सर्व्हर नसल्यातच जमा.

दुसरी अट अशी की, नेमसर्व्हर किमान दोन असावेत आणि ते एकाच छपराखाली नसावेत. एकाच यंत्राला दोन नावे देऊन ही अट कागदोपत्री पुरी करणारे महाभाग आहेत. त्यांनी जानेवारी २००१ मधील मायक्रोसॉफ्टची गोष्ट ऐकावी. त्या बलाढ्य कंपनीचे चारही नेमसर्व्हर जाळ्याच्या एकाच शाखेवर होते. एका मार्गदर्शक यंत्राच्या मांडणीत चूक झाली आणि कंपनीची संकेतस्थळे जवळजवळ दिवसभर दिसेनाशी झाली. यंत्रे चार होती, वाट एकच होती. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकवरही असाच प्रसंग आला. त्याचे नेमसर्व्हर त्याचे स्वतःचेच होते आणि ते चालूही होते; पण त्यांच्याकडे जाण्याचे मार्ग जाळ्यावरून पुसले गेले आणि सुमारे सहा तास ते नाव कोणालाच सापडेना.

मग तालुक्याच्या गावी हे जमावे कसे? घरगुती जोडणीला बहुधा कायमचा अंकी पत्ता मिळत नाही, आणि नेमसर्व्हरला तो अपरिहार्य आहे. वीज गेली म्हणजे प्रश्नच मिटला. यावर एक शहाणा तोडगा आहे. मूळ दप्तर बोथलाच, वाचनालयाच्या संगणकावर लिहावे. परंतु जगाला उत्तरे देण्याचे काम दोन भिन्न शहरांत भाड्याने घेतलेल्या दोन यंत्रांकडे सोपवावे. दप्तर बदलले की नवी प्रत त्यांच्याकडे धाडावी. येथील वीज चार तास गेली तरी बाहेरच्या प्रती उत्तरे देत राहतात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर दप्तरावरील अनुक्रमांक मात्र वाढविला पाहिजे. तो वाढला नाही, तर प्रत ठेवणारे यंत्र काहीच बदलले नाही असे समजून जुनेच उत्तर देत राहते. शिवाय या यंत्रांनी केवळ स्वतःच्या नावाबद्दल बोलावे. कोणीही येऊन वाटेल त्या नावाची चौकशी करू शकेल असे दार उघडे ठेवले, की त्याचा उपयोग दुसऱ्यांवर हल्ले करण्यासाठी होतो.

मराठी नाव हवे असेल तर आणखी एक बारकावा आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरी '.भारत' सुरू झाले व मराठी नावे घेता येऊ लागली. परंतु दप्तरात ती ठराविक संकेताने रोमन अक्षरांत रूपांतरित करूनच लिहावी लागतात.

एवढा खटाटोप प्रत्येक वाचनालयाने करावा काय? रोज लक्ष घालणारा जाणता माणूस नसेल, तर करू नये. स्वतःचा पण बेवारशी नेमसर्व्हर हा परक्याच्या नीट चालणाऱ्या नेमसर्व्हरपेक्षा वाईट. त्याआधी पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत: नावाची नोंदणी एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावे आहे की संस्थेच्या? मुदतवाढीची सूचना कोणाच्या पत्त्यावर येते? दप्तराची एक प्रत संस्थेच्या कपाटात आहे काय? नाव विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. मुदत चुकली तर घरचे दोन्ही सर्व्हर कितीही निष्ठेने चालोत, वरची कचेरी त्यांच्याकडे कोणाला पाठविणार नाही.

ज्यांच्याजवळ असा माणूस आहे, त्यांनी मात्र दप्तर हलविताना घाई करू नये. आधी नव्या ठिकाणी सर्व नोंदी उतरवाव्या, त्या जुन्याशी ताडून पाहाव्या, डिंक लावावा, आणि मगच वरची नोंद बदलावी. जुने उत्तर ठिकठिकाणच्या यंत्रांनी आपापल्या मुदतीपर्यंत लक्षात ठेवलेले असते. म्हणून जुने सर्व्हर आणखी दोन-तीन दिवस चालू ठेवावेत, आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळेल असे पाहावे.