आम्हाला सांगा, तुम्हाला काय दिसते?

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात तरुण मंडळाच्या वतीने झालेले भाषण)



दर वर्षावासात आपल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेला समाप्ती होते, खीरदान होते, फोटो निघतात आणि आपण घरी जातो. पण त्या दिवशी भिक्खू संघात जी पवारणा होते, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. तीन महिने एकत्र राहिलेला भिक्खू संघाला विनंती करतो, की माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर मला सांगा. आणि ही विनंती सर्वांत आधी ज्येष्ठ स्थविर करतात, नवखा भिक्खू नव्हे! श्रावस्तीच्या पूर्वारामात खुद्द तथागतांनी पाचशे भिक्खूंना विचारले होते, की माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही दोष दिसतो का? तथागत विचारतात, तर मग आपण वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांनी न विचारता पुढे कसे जायचे?

वरच्या मजल्यावर अभ्यासिका करावी, असे आम्ही ठरवीत होतो. दहावी-बारावीची मुले एका खोलीच्या घरात, टीव्ही चालू असताना अभ्यास करतात हे सगळेच पाहतात. टेबले, खुर्च्या, ट्यूबलाईट असा खर्चाचा अंदाजही काढला होता. पण भविष्याची जबाबदारी घ्यायची म्हणजे नुसता हिशेब मांडून भागत नाही. म्हणून पवारणेनंतर आम्ही वही घेऊन घरोघर गेलो.

मुलींनी सांगितले, गल्लीच्या तोंडाशी रात्री नऊनंतर उजेड नसतो; अभ्यासिका अकरापर्यंत उघडी ठेवाल, पण आई पाठवणार नाही. ही गोष्ट मुलग्यांच्या हिशेबात येण्यासारखीच नव्हती. एक आजी म्हणाल्या, "पोरांनो, वर काय करायचं ते करा. पण मीटिंगा वर घेऊ नका. जिना चढवत नाही, म्हणून आमचं मत नाही असं व्हायला नको." कॉलेजला जाणारा एक मुलगा तर दारातच म्हणाला, "वर्गणीच्या वेळी बरोबर येता, आज मत विचारायला आलात?" बोल झोंबला, पण वहीत जसाच्या तसा लिहून घेतला.

आजींचे म्हणणे विनयाला धरूनच आहे. आजारी भिक्खू सभेला येऊ शकत नसेल तर त्याची संमती दुसऱ्या भिक्खूने आणायची असते. तिला 'छंद' म्हणतात. महत्त्वाचा ठराव एकदा मांडून तीन वेळा जाहीर करतात, म्हणजे ज्याचा विरोध आहे त्याला बोलायला सवड मिळते. मतभेद मिटला नाही तर शलाका वाटून मते घेतात, आणि शलाका वाटणाराही लोभ, द्वेष, मोह, भय यांच्या आहारी न जाणारा असावा लागतो. संघाच्या याच नियमांची आठवण बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत करून दिली होती.

आता, विचारले म्हणजे सगळे मान्य केलेच पाहिजे असे नाही. संविधानाच्या मसुद्याला सुमारे 7,635 दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. काही स्वीकारल्या, बऱ्याच नाकारल्या. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी सतत हरकती घेणाऱ्या सदस्यांचे आभार मानले, नावे घेऊन मानले.

आमच्या वहीतही एक हरकत आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे, की वरचा मजला कार्यक्रमांना भाड्याने द्यावा, म्हणजे लाईटबिल सुटेल आणि पावसाळ्याआधी गळती काढता येईल. आम्हाला ते पटत नाही. लग्नसराईच्या आणि परीक्षांच्या तारखा एकच असतात, मग मुले कुठे बसणार? पण गळती खरी आहे आणि तिच्या खर्चाचे उत्तर आमच्याकडे अजून नाही, हेही खरे.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर खालच्या हॉलमध्ये बैठक आहे. ठराव तीनदा वाचला जाईल. ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी दार उघडे ठेवावे, आम्ही वही घेऊन येतो. गल्लीतल्या दिव्याच्या अर्जावर मुलींनी सह्या केल्या आहेत, बाकीच्यांनी आज जाताना कराव्यात. अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!